सहा पिल्लं, सात फेऱ्या

१

माझं काम हातांचं आहे. टोचायच्या दिवशी सकाळी साडेआठला मी सूक्ष्मदर्शकासमोर बसते ती एक वाजेपर्यंत उठत नाही. समोरच्या थेंबात उंदरांची तीस-चाळीस फलित बीजांडं ओळीने मांडलेली असतात. डाव्या हाताच्या नळीने एकेक धरायचं, उजव्या हाताच्या सुईने टोचायचं. सुई काचेची, केसाहून बारीक. बीजांडाच्या आत दोन फिकट गोल दिसतात, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. बापाकडचा किंचित मोठा असतो. त्यात सुई न्यायची आणि माणसाच्या जनुकाचा कण आत सोडायचा. गोल फुगतो. फुगला की झालं. सुई बाहेर, पुढचं.

सत्तावीस वर्षं मी हे करते आहे. पिंजऱ्यांची देखभाल करणारे आमचे एक गृहस्थ आहेत, त्यांना सगळे कॅलेंडर म्हणतात, कारण कुठली मादी कधी विणार हे त्यांना कागद न बघता सांगता येतं. ते म्हणतात, "लोक डोंगर पोखरून उंदीर काढतात. बाई उंदीर पोखरून डोंगर काढायला बसल्यात."

टोचलेली बीजांडं दत्तक आईच्या पोटात ठेवतात. दत्तक आई म्हणजे पांढरी मादी. तिला आदल्या दिवशी नसबंदी केलेल्या नराबरोबर सोडलेलं असतं, त्यामुळे आपल्याला दिवस गेलेत अशी तिच्या शरीराची समजूत होते. पोटात काही नसतं, नुसती समजूत असते. त्या समजुतीत आम्ही आमची बीजांडं ठेवतो. वीस दिवसांनी ती पांढरी आई काळ्या वाणाची पिल्लं जन्माला घालते आणि तिला त्यात काही वावगं वाटत नाही.

कधी एखादी आई विताना मरते. मग तिची पिल्लं दुसरीला द्यावी लागतात. पिल्लू थेट दुसरीच्या घरट्यात ठेवलं तर ती ते खाऊन टाकते. म्हणून आधी त्या दुसरीच्या घरट्यातला कापूस घ्यायचा आणि पिल्लाच्या अंगाला चोळायचा, पाठीला, पोटाला, पायांच्या मध्ये. वास चढला की पिल्लू तिचं. मादी तोंड ओळखत नाही. घरट्याचा वास ज्याला, ते आपलं. नव्या मुलांना शिकवताना मी सांगते, "नातं नाकात असतं." मुलं हसतात.

सध्याच्या कामातलं जनुक बोलण्याचं होतं. ते बिघडलं की मुलं उशिरा बोलतात किंवा बोलतच नाहीत. ते पिल्लात घालायचं आणि पिल्लू आईला हाक मारतं का ते पाहायचं. एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं वाचताना ती कुणाच्याही मनात येईल. त्या जनुकात माझ्या मुलाचं काही नव्हतं. तो भरपूर बोलायचा.

२

धाकट्याला जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. विसावं सरत आलं होतं त्याला. नऊ दिवसांचा ताप. दवाखान्यात भरती करताना त्याच्या अंगातला शर्ट काढून त्यांनी माझ्या हातात दिला. करड्या रंगाचा सुती शर्ट, कॉलरपाशी विरलेला. मी पुन्हा कामावर आले त्या दिवशी तो शर्ट पिशवीसकट माझ्या कपाटात ठेवला आणि किल्ली फिरवली. फेकवत नव्हता आणि घरी नेववत नव्हता.

त्या आठवड्यात कापसाच्या गाद्यांचं खोकं आलं ते भिजलेलं, बुरशी धरलेलं. घरटं करायला प्रत्येक मादीला अशी एक चौकोनी गादी देतात. मादी ती दातांनी पिंजते आणि वाटीसारखं घरटं करते.

कॅलेंडर माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. "बाई, अकरा जणी भरल्यात. उद्या सकाळी चहाच्या आधी चार मोकळ्या होणार, दुपारपर्यंत बाकीच्या. कागद फाडून फाडून सात जणींचं भागवलंय. चौघींना काय घालू? माझा लेंगा?"

"दुसरीकडे मागितला का कापूस?"

"परवा देतो म्हणाले. पिल्लं परवापर्यंत थांबायला तयार असतील तर विचारून बघतो."

नुसत्या भुशावर उघडी पिल्लं दुपारपर्यंत गार पडतात. अकरापैकी चार माद्या म्हणजे माझं पाच आठवड्यांचं काम. मी उठले, कपाट उघडलं आणि कात्री घेतली. शर्टाची पाठ आणि एक बाही कापून चार चौकोन केले. ऑटोक्लेव्हमध्ये ठेवले. एकशे एकवीस अंश, वीस मिनिटं, दाबाखालची वाफ. त्यातून कुठलाच जिवंत कण बाहेर येत नाही. वास तर नाहीच. मी काढून हुंगून पाहिलं. ओल्या इस्त्रीसारखा वास होता, दुसरा कसलाही नाही.

"झकास," कॅलेंडर कापड चुरगाळून बघत म्हणाले. "जुनं आहे. पिल्लांना जुनंच बरं. नवीन टोचतं."

ते कुणाचं, हे त्यांनी विचारलं नाही. माझ्या मते त्यांना कळलं होतं.

उरलेला शर्ट मी संध्याकाळी घरी नेला. मुलगी नवव्या महिन्यात होती आणि माझ्याकडे राहायला आली होती. जावई बोटीवर, त्याला सुट्टी मिळायला अजून तीन महिने. नवरा जाऊन आठ वर्षं झाली, तेव्हा घरात आम्ही दोघीच. तिने पिशवीत हात घातला आणि तसाच ठेवला.

"धाकट्याचा ना गं?"

"हो."

"याची मी दुपटी करते. चालेल?" कापड मांडीवर पसरत ती म्हणाली, "आई, तो म्हणालाच असता, ताई, माझ्या शर्टाला शी लावलीस तर बघ."

आम्ही दोघी हसलो. सात महिन्यांत पहिल्यांदा. तिने ते कापड दोनदा उकळून घेतलं.

३

सहाव्या दिवशी पिल्लांची चाचणी असते. प्रत्येक घरट्यात सहाच पिल्लं ठेवलेली असतात, म्हणजे दूध सारखं वाटलं जातं आणि वजनांची तुलना करता येते. आईला क्षणभर बाजूला काढायचं, पिल्लं घरट्यापासून लांब पिंजऱ्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवायची, आईला परत सोडायचं आणि घड्याळ लावायचं. पिल्लं हाका मारतात. तो आवाज इतका वरचा असतो की आपल्याला ऐकू येत नाही. खोली शांत असते, यंत्राच्या पडद्यावर मात्र रेघा उठत असतात. आई येते, एकेकाला पाठीच्या कातडीला धरून उचलते आणि घरट्यात नेते. सहा पिल्लं, सहा फेऱ्या.

हे काम लाल दिव्यात चालतं. उंदरांना लाल दिसत नाही, त्यांच्या लेखी तो अंधार. बाहेर सकाळचे अकरा आणि आत सगळं विस्तवाच्या रंगाचं.

करड्या कापडाच्या चार पिंजऱ्यांतली पहिली मादी मी सोडली. दोन मिनिटं दहा सेकंदांत सहाही पिल्लं घरट्यात. मी घड्याळ थांबवलं आणि पिंजऱ्याचं झाकण उचलायला हात पुढे केला.

मादी पुन्हा बाहेर आली.

ती डाव्या कोपऱ्यात गेली. तिथे मी एकही पिल्लू ठेवलं नव्हतं. तिने डोकं तिरकं केलं, तोंड उघडलं, मिटलं आणि मागे वळली. रिकाम्या तोंडाने चालणारी मादी मान वर धरून चालते. हिची मान झुकलेली होती. पुढचे पाय फाकवून, ओझ्याने चालावं तशी ती हळूहळू गेली. घरट्याच्या काठावर थांबली, काहीतरी आत उतरवलं, नाकाने ढकललं. मग चाटायला लागली.

"हिला मोजता येत नाही," कॅलेंडर माझ्या मागून म्हणाले.

"उंदरांना येत नाहीच."

"मग सहावर थांबतात कशा एरवी?"

"कोपरा रिकामा दिसला की थांबतात."

मी वहीत सहा लिहिलं.

४

दुसरी, तिसरी, चौथी. चारही माद्यांनी सात फेऱ्या केल्या. कागदाच्या घरट्यांतल्या सातजणींपैकी एकीनेही सातवी फेरी केली नाही.

कारण मला लगेच सापडलं. कापड पिंजताना धागे उडतात. एखादा धागा कोपऱ्यात पडला असणार आणि मादी त्याला घरट्याच्या वासामुळे पिल्लू समजत असणार. दुसऱ्या दिवशी मी प्रत्येक कोपरा स्पिरिटने पुसला, भिंग घेऊन पाहिला आणि मग चाचणी केली. सात फेऱ्या. फक्त कोपरा बदलला होता. आता मादी उजवीकडे जात होती, जिथे झाकणावर माझा हात टेकलेला होता त्याच्या खाली.

डॉक्टरांना सांगणं भाग होतं. डॉक्टर म्हणजे या कामाचे प्रमुख, माझ्याहून बारा वर्षांनी लहान, फार सभ्य माणूस. त्यांनी रेघा पडद्यावर आणल्या.

"मॅडम, इथे सहावं पिल्लू घरट्यात गेलं. बरोबर? सगळ्या हाका थांबल्या. आणि ही बघा, अकरा सेकंदांनी एक रेघ. ही खूप खाली आहे. पिल्लाचा आवाज एवढा खाली येऊच शकत नाही. हा तुमच्या-माझ्या कानाला ऐकू येणारा आवाज आहे. तुम्ही खोकलात का?"

"नाही."

"काही बोललात?"

"नाही."

"मग खुर्ची वाजली असेल. कारण हा आवाज खोलीत झाला असेल तर तो तुम्ही ऐकलाच असणार."

मी ऐकला नव्हता. चारही पिंजऱ्यांच्या नोंदींत ती रेघ होती. सुरुवातीला सपाट, शेवटी किंचित वर उचललेली. शेवट उचलून हाक मारायची घरात एकालाच सवय होती, पण पडद्यावरच्या रेघेत माणूस कशाचाही आकार पाहू शकतो. मी डॉक्टरांना म्हटलं, खुर्चीच असेल. तेल घालायला सांगते.

५

वजनं रोज होत होती. त्या चार घरट्यांतली पिल्लं मागे पडत चालली होती. आई दूध देत होती, दिवसभर पाजत होती, तिचं खाणं तर इतरांहून जास्त होतं. पण आकडे सांगत होते की सहाजणांत सहाजणांपुरतं दूध पोहोचत नाही. मी भागाकार करून पाहिला आणि कागद उलटा ठेवला.

पिल्लं झोपतात ती एकावर एक, ढीग करून. ऊब टिकावी म्हणून. या घरट्यांत ती काठाकाठाने झोपत होती आणि मध्ये जागा सोडलेली होती. बोटभर जागा. एके सकाळी मी हातमोजा काढला, जे मी सत्तावीस वर्षांत कधी केलं नव्हतं, आणि करंगळी त्या जागेत घातली.

ती जागा ऊबदार होती. पण रिकाम्या घरट्याची ऊब बोटाला चारी बाजूंनी लागते. ही एका बाजूने लागत होती आणि बोटाला किंचित रेटत होती. मी बोट काढलं. मादी माझ्याकडे पाहत होती.

बाराव्या दिवशी पहिल्या पिंजऱ्यात पाचच पिल्लं घरट्यात होती. सहावं दूर भुशावर पडलेलं, काळी लव आलेलं, जिवंत. मी ते उचलून घरट्यात ठेवलं. मादीने त्याला तोंडात धरलं, चालत पिंजऱ्याच्या टोकाला नेलं आणि ठेवून दिलं. मी पुन्हा ठेवलं. तिने पुन्हा नेलं. त्यात राग नव्हता. घरात गर्दी झाली की एखादी वस्तू माळ्यावर टाकावी तसं.

मी यंत्र लावलं. ते पिल्लू हाका मारत होतं, पडदा रेघांनी भरून गेला. मादी घरट्यात डोळे अर्धवट मिटून बसली होती. ती उठली नाही. कोपऱ्यातल्या रिकाम्या जागेची तिने एका हाकेत दखल घेतली होती आणि या पिल्लाच्या चारशे हाका तिला ऐकू येत नव्हत्या.

दुपारपर्यंत चारही पिंजऱ्यांत तसंच झालं.

"ही चार घरटी बाद करू या, मॅडम," डॉक्टर म्हणाले. "कापड वेगळं होतं, तुलना बिघडली. तुमची चूक नाही, तुम्ही पिल्लं वाचवायला बघितलंत."

कॅलेंडरनी चारही घरटी उचलली आणि भट्टीत टाकली. माद्यांना स्वच्छ पिंजऱ्यात नवा कापूस दिला, उरलेली पिल्लं दिली. मी मुद्दाम थांबले आणि चाचणी घेतली. पाच पिल्लं, पाच फेऱ्या. पाचव्या फेरीनंतर मादी बसून राहिली. मग मी बाहेर टाकलेलं पिल्लू आत ठेवलं, तेही तिने जवळ घेतलं.

म्हणजे ते कापडातच होतं. मला इतकं हलकं वाटलं की मी पायऱ्यांवर बसून पाणी प्यायले. कारण कळलं की भीती उरत नाही, हे मी मुलांनाही सांगत आले आहे. बाटलीचं झाकण लावताना मला उरलेल्या अर्ध्या शर्टाची आठवण झाली.

त्याच संध्याकाळी मुलीला कळा सुरू झाल्या.

६

नात झाली. सहा पौंडांच्या वर, काळ्याभोर जावळाची, आवाजाने खणखणीत. तिसऱ्या दिवशी त्या दोघी घरी आल्या.

मी तोवर दुपटी घरभर शोधली होती, लपवण्यासाठी. पण मुलीने दवाखान्याच्या पिशवीत ती आधीच भरून नेली होती. नातीला पहिल्यांदा गुंडाळलं तेच करड्या कापडात. "मामाचं कापड," ती म्हणाली आणि बाळाचं नाक त्या कापडावर घासलं. मी काय सांगणार होते? उंदरांनी सात फेऱ्या केल्या म्हणून तुझ्या भावाचा शर्ट जाळू या?

"दुसरी मऊ दुपटी आणलीत मी," मी म्हटलं.

"असू देत की. यांच्याशिवाय ती झोपत नाही."

पाचव्या दिवशी सकाळी मी खोलीच्या दारात चहा घेऊन उभी होते. मुलगी बाळाला पाजून पलंगावर निजवत होती. तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. बाळाच्या अंगावर दुपटं घालून ती उठली, कपाटाशेजारच्या कोपऱ्यात गेली आणि वाकली. दोन्ही हात खाली गेले. उभी राहताना तिने कमरेवर हात न ठेवता श्वास रोखला, जड उचलताना रोखतात तसा. खांदे खाली ओढले गेले होते. हळूहळू चालत ती पलंगाशी आली, बाळाच्या पलीकडे वाकली, हात मोकळे केले, आणि थोपटलं. तीन वेळा.

मी कप खाली ठेवला.

"काय करतेयस गं?"

"काय?" ती वळली. चेहरा झोपाळलेला, नेहमीचा. "काही नाही. दुपटं पडलं होतं ना खाली."

तिच्या हातात दुपटं नव्हतं. जमिनीवरही नव्हतं. बाळंतिणीला झोप नसते, ती अर्धी स्वप्नात वावरते. मीही वावरले होते. हे मी स्वतःला तीन दिवस सांगितलं.

७

तपासायला येणाऱ्या नर्सने बाळाला काट्यावर ठेवलं आणि कपाळाला आठी घातली. "वजन उतरलंय. पाजताय ना नीट?"

"दिवसभर पाजते हो सिस्टर," मुलगी म्हणाली. "एकीचं झालं की लगेच..." ती थांबली. "म्हणजे एकदा झालं की लगेच पुन्हा. मला वाटतं, पुरत नाहीये."

"आईने खायला हवं."

"राक्षसासारखी खातेय. विचारा हिला."

खरंच खात होती. आणि झोपायची ती पलंगाच्या भिंतीकडच्या कडेला, बाळ दुसऱ्या कडेला. मध्ये जागा. "अंगाखाली येईल ना ती," असं तिचं कारण. कारण चांगलं होतं. आमच्या घरात सगळ्यांना कारणं चांगली देता येतात.

मी दिवस मोजत होते. बाराव्या दिवशी रजा घेतली. साडेदहाला अंघोळीला गेले, ती पाच मिनिटांत आले. नात जमिनीवर होती. पडलेली नव्हती, कुणीतरी ठेवलेली होती. दाराजवळ, उघड्या फरशीवर, पाठीवर, दुपट्याशिवाय. तोंड उघडं, रडून रडून जांभळं झालेलं. इतक्या मोठ्याने रडत होती की न्हाणीघरात मला ते ऐकू यायला हवं होतं.

मुलगी पलंगावर कुशीवर झोपलेली होती. डोळे अर्धवट मिटलेले. एक हात करड्या दुपट्यांवर, मधल्या जागेभोवती.

मी बाळाला उचलून तिच्याजवळ ठेवलं. तिने डोळे न उघडता हाताच्या मागच्या बाजूने तिला कडेकडे सरकवलं. त्यात राग नव्हता.

८

दुपटी मी पिशवीत भरली आणि संस्थेत गेले. भट्टी मागच्या अंगणात आहे. कॅलेंडरनी झाकण उघडून हात पुढे केला.

"द्या."

मी दिली नाही.

"बाई," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात कधी नव्हे तो विनोद नव्हता. "त्या चार जणींचं टाकलं तेव्हा काही झालं नाही. हात कापला की रक्त थांबवायचं असतं, बघत बसायचं नसतं. द्या इकडे."

"त्या वेळी मला माहीत नव्हतं काय टाकतोय ते."

त्यांनी मग झाकण लावलं. "घरी लेक आहे तुमची," एवढंच म्हणाले. "लेकीची लेक आहे."

तेच तर. जाळायचं नसेल तर एकच रस्ता होता आणि तो मला कुणी शिकवायची गरज नव्हती. एका घरट्यातून पिल्लू काढून दुसरीला द्यायची रीत मी सत्तावीस वर्षं शिकवते आहे.

पिशवी तशीच घेऊन घरी आले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते; ती मी माझ्या खोलीत ठेवली. मायलेकी झोपलेल्या. पडद्यातून पिवळं ऊन. मी माझ्या उशीचा अभ्रा काढला, रोजच्या वापरातला, तेलकट. पलंगाशी गुडघ्यांवर बसले आणि तो अभ्रा मधल्या जागेवर फिरवला.

आधी काहीच नव्हतं. चादर होती. मी चोळत राहिले, जसं पिल्लाला चोळतात, वरून खाली, मग आडवं. मग अभ्रा चादरीला लागेना. तो वीतभर वर चालला होता. कापडाखाली माझ्या हाताला उंचसखल लागलं, ऊबदार. पाठ. पाठीचा कणा. डाव्या खांद्याच्या खाली एक खवल्यासारखी खरबरीत जागा. चार वर्षांचा असताना त्याच्यावर गरम पाणी सांडलं होतं, त्याची खूण तिथे होती. ती खूण मुलीलाही आठवत नसेल.

मी अभ्रा काढून पाहिलं नाही. कुणाला वाटेल, का नाही पाहिलं. चोळताना पिल्लाकडे पाहायचं नसतं, हात थरथरतो.

मग उचललं. वजन किती होतं ते मला सांगता येणार नाही. बाळाचं नव्हतं, वीस वर्षांच्या मुलाचंही नव्हतं. माझी मान झुकली. मी पाय फाकवून, हळूहळू, माझ्या खोलीत गेले.

मागे मुलगी जागी झाली. तिने बाळाला ओढून छातीशी घेतल्याचा आवाज मी ऐकला. "अगं सोने, किती लांब गेलीस तू," ती म्हणत होती.

९

पुढच्या आठवड्यात नर्स हसत गेली. नातीचं वजन वाढलं होतं, गाल आले होते. मुलगी पलंगाच्या मधोमध झोपायला लागली. दुपटी कुठे गेली असं तिने एकदा विचारलं. मी म्हटलं, विरली होती, टाकली. ती थोडी रडली आणि विसरली.

माझी झोपही सुधारली. पाठीमागे गादी थोडी दबलेली असते आणि त्या बाजूने ऊब येते. मी भिंतीकडे सरकून झोपते. मला भूक लागायला लागली आहे.

फक्त नातीच्या रडण्याचा मला त्रास होऊ लागला. आधी कानाला, मग सगळ्या अंगाला. दोन खोल्यांचं घर, त्यात दोऱ्या, लंगोट, डबे, सगळीकडे दुधाचा आंबट वास. मुलगी माझ्या खोलीत आली की मला उगाच वाटायचं, ही इथे कशाला? तिला माझ्या पलंगावर बसू नको म्हणून मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ओरडले.

त्याला माझ्या खोलीत आणलं त्यापासून बाराव्या दिवशी सकाळी मी मुलीची बॅग भरली.

"आई, मी काय केलं?" ती दारात उभी होती, बाळ खांद्यावर. "काही बोललं का मी? सांग ना."

"काही नाही केलंस. तुझी नणंद बोलावतेय ना कधीची. तिच्याकडे जागा मोठी आहे."

"तूच म्हणालीस, सहा महिने राहा."

"आता नाही म्हणत."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की इतर कुठल्याही दिवशी मी तिला परत आत घेतलं असतं. माझा हात तिच्या पाठीवर होता. निरोप देताना ठेवतात तसा नव्हता. टॅक्सी वळेपर्यंत मी दारात थांबलेही नाही. आत यायची घाई होती.

याला आता चार महिने झाले. मी रोज कामावर जाते. हात पूर्वीइतकेच स्थिर आहेत, डॉक्टर अजूनही नव्या मुलांना ते दाखवायला आणतात. कॅलेंडर माझ्याशी कामापुरतं बोलतात. परवा म्हणाले, "लेक कशी आहे?" मी म्हटलं, बरी असेल. त्यांनी मान हलवली आणि पिंजरे धुवायला घेतले.

मला कळत नाही असं नाही. चार पिंजरे मी स्वतः पाहिलेत, नोंदी माझ्या अक्षरात आहेत. घरट्यात जागा कुणासाठी होते आणि बाहेर कुणाला जावं लागतं, ते मी कुणालाही समजावून सांगू शकते.

दुपारी मी घरी येते, चपला काढते आणि एकदा सगळ्या कोपऱ्यांतून फिरून येते. मग आपली खोली, आपला पलंग. फोन वाजतो. या वेळेला तिचाच असतो. पुष्कळ वेळ वाजतो, थांबतो, पुन्हा वाजतो. परवा तर पुन्हा पुन्हा वाजला, अकरा वेळा, मी मोजत होते. वाईट बातमीही असू शकते, हे मला कळतं.

मी डोळे अर्धवट मिटून पडून राहते. माझी मुलं घरात आहेत. पुरी आहेत.